लाज सोडा, १९३० फिरवा
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील मनोगत)



जन्मभर बँकेत लोकांना सावध केलं, आणि गेल्या दिवाळीत मीच फसलो. ‘वीजबिल थकलंय, रात्री लाइट जाईल’ असा मेसेज आला. लिंक दाबली, ओटीपी दिला. अठरा हजार गेले. लाजेपोटी घरातही बोललो नाही. दोन दिवसांनी त्याच मेसेजने खालच्या मजल्यावरच्या वहिनी फसल्या. माझं गप्प बसणं आजही सलतं.

म्हणून सांगतो, पैसे गेले की लगेच १९३० फिरवा. चोराने काढण्याआधी रक्कम गोठवता येते. बँकेलाही कळवा, रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, चूक आपली असली तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. नुसता मेसेज आला, तर ‘संचार साथी’च्या ‘चक्षू’वर नोंदवा आणि शेजाऱ्यालाही सांगा.