सोपाऱ्याला जायचे ते कशासाठी?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाईंदरची खाडी ओलांडली की नायगाव, वसई रोड आणि मग नालासोपारा. पाव तासाचा रस्ता. आपल्यातले कितीतरी लोक बुद्धगयेला जाऊन आले, पण सोपाऱ्याचा स्तूप बघितलेला नाही. रोज गाडीने त्या स्टेशनावरून जातात, तरी नाही.

सोपारा म्हणजे जुने शूर्पारक बंदर. इथला पूर्ण नावाचा व्यापारी भिक्खू झाला, आणि त्याच्या निमंत्रणावरून तथागत इथे आले, असे दिव्यावदान ग्रंथ सांगतो. स्तूपाला गावचे लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. बुरूड म्हणजे टोपल्या-सुपं विणणारा. लोक अशोक विसरले, पण इथे कुणी राजा होता हे विसरले नाहीत. त्याला त्यांनी कष्टकऱ्याची जात दिली! आम्हाला काही हे नाव वाईट वाटत नाही.

1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो स्तूप खोदला. आत दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती बुद्धांच्या आणि मैत्रेयाच्या मिळून आठ मूर्ती. करंडकाच्या आत एकात एक चांदीची, दगडाची, स्फटिकाची आणि सोन्याची डबी. आणि एवढ्या सगळ्याच्या आत काय? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. ते भगवंताच्या भिक्षापात्राचे, असे पंडितजींचे मत. सोबत सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णी राजाचे चांदीचे नाणे. राजाचे नाणे बाहेर, मातीचे खापर सोन्यात!

हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही 1882 मध्येच सोपाऱ्याला सापडला. नवव्याचा तुकडा जवळच्या भुईगावला मिळाला, तो 1956 मध्ये. बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली तेच साल. आजारपण, लग्न, बाळंतपण, प्रवास यांच्या नावाने लोक नाना विधी करतात, त्यात फळ थोडे, असे हा नववा लेख सांगतो. दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, प्राण्यांवर दया, वडीलधाऱ्यांचा मान, हाच खरा मंगलविधी. आपल्या घरात अजून लिंबू-मिरची टांगणाऱ्यांनी जरा ऐकावं.

पण आज बोलायचे आहे ते आठव्या लेखावर. पूर्वीचे राजे मौजेच्या सहलीला जात, शिकार करत. अशोक राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बुद्धगयेला गेला. तेव्हापासून त्याची धम्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत काय करायचे? श्रमण-ब्राह्मणांना भेटून दान द्यायचे, म्हाताऱ्या माणसांना भेटून धन द्यायचे, खेड्यातल्या लोकांशी धम्माची चर्चा करायची.

आता आपली गेल्या वेळची सहल आठवा. टेम्पो केला. वाटेत मोठ्याने गाणी. स्तूपापाशी पाच मिनिटे वंदना, मग पोरांचं क्रिकेट, जेवण, आणि कागदाच्या पत्रावळी तिथेच. गावातल्या एकाही माणसाशी आम्ही बोललो नाही. आपल्या गल्लीतली एक आजी आदल्या रात्री लुगडं धुऊन तयार होती. "तुम्हाला चालवणार नाही, पुढच्या वर्षी नेऊ," असं आम्हीच तिला सांगितलं. टेम्पोत जागा कमी होती, हे खरं कारण. पुढचं वर्ष तिने पाहिलं नाही.

अशोकाने म्हाताऱ्यांना भेटायचे दगडावर कोरून ठेवले, आणि तो दगड जिथे सापडला तिथे जाताना आम्ही आमची म्हातारी घरी ठेवली.

म्हणून कमिटीपुढे आमची सूचना आहे. यंदा आधी एका रविवारी मुलांना फोर्टच्या वस्तुसंग्रहालयात न्यावे, शिलालेखाचे तुकडे तिथे आहेत. नंतरच्या रविवारी सोपारा. गाडीत पहिल्या जागा साठीच्या वरच्या माणसांना. तरुणांनी लोकलने यावे, झाडू आणि पोती घेऊन. नावे आज रात्रीपासून विहारात लिहून घेऊ. जयभीम.