उतरत्या विमानावरचा हिरवा झोत

जबलपूर शहराबाहेर डुमना येथे विमानतळ आहे. तेथे जाणारा रस्ता वनराईतून जातो आणि रात्र पडली की सभोवार दाट काळोख पसरतो. त्या काळोखातून धावपट्टीवरील दिव्यांच्या रांगा शोधीत वैमानिक विमान खाली आणीत असतो. ४ डिसेंबर २०१५ रोजी सायंकाळी मुंबईहून आलेले एक प्रवासी विमान येथे धावपट्टीवर टेकले न टेकले तोच रानडुकरांचा कळप आडवा आला. विमानाची डावी चाके मोडली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. परंतु उतरण्याच्या घटकेला वैमानिकाच्या हाती किती थोडा अवकाश असतो, हे त्या अपघाताने दाखवून दिले.

रानडुकरांना कुंपण घालता येते. पण दूरच्या गच्चीवरून कोणी गंमत म्हणून विमानावर लेसरचा झोत रोखला, तर त्याला कुंपण कोठून घालावयाचे?

१९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन या शास्त्रज्ञाने कृत्रिम माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण निर्माण केला. आज तोच किरण लेखणीएवढ्या नळीतून निघतो आणि जत्रेतही विकत मिळतो. भिंतीवर त्याचा ठिपका मोहरीएवढा दिसतो; म्हणून तो आकाशातही तेवढाच राहत असेल, असा समज होतो. वस्तुतः तो अंतरागणिक पसरत जातो. एक किलोमीटरवर त्याचा व्यास सुमारे एक मीटर होऊ शकतो. विमानाच्या समोरच्या काचेवरील धूळ व बारीक ओरखडे त्याला विखुरतात आणि वैमानिकाचा अवघा कक्ष हिरव्या प्रकाशाने भरून जातो. मानवी डोळा हिरव्या रंगालाच सर्वाधिक संवेदनशील असल्यामुळे हा झोत तांबड्याहून अधिक बाधतो.

इतक्या अंतरावरून दृष्टी कायमची जाण्याचा संभव थोडा असतो. खरा धोका आहे तो क्षणिक अंधत्वाचा. अंधारास सरावलेली बुबुळे विस्फारलेली असतात. त्यांवर झोत पडताच डोळे दिपतात आणि त्याची छाया काही काळ नजरेसमोर तरळत राहते. आता हिशेब पाहावा. धावपट्टी तीन किलोमीटर दूर असताना विमान जमिनीपासून अवघे दीडशे मीटर उंच असते आणि ते अंतर ते पाऊण ते एका मिनिटात तोडते. त्यांतील दहा सेकंद आंधळेपणात गेली, तर उरले काय?

ही भीती काल्पनिक नव्हे. एकट्या अमेरिकेत २०२३ साली अशा तेरा हजारांहून अधिक घटनांची नोंद झाली. पुण्यात २०२४ च्या गणेशोत्सवात पोलिसांनी लेसर झोतांवर बंदी घातली. मात्र प्रत्येक गच्चीवर पहारा ठेवणे कोणत्याही पोलिसांना शक्य नाही.

म्हणून, श्रोतेहो, हे काम अखेर घरातल्या वडीलधाऱ्यांकडेच येते. मुलाच्या हातात अशी नळी देण्यापूर्वी, ती आकाशाकडे कधीही रोखावयाची नाही, हे त्याला कारणासह समजावून सांगितले पाहिजे. वरून जाणारा तो लुकलुकता दिवा म्हणजे आपापल्या घरी परतणारी माणसे आहेत, एवढे एकदा उमगले की मूल आपण होऊनच हात खाली घेईल.