घाटापूर्वीची दहा मिनिटं
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या वरव्याहून कुठंही निघा, घाट चुकत नाही. पुण्याकडे कात्रज, साताऱ्याकडे खंबाटकी, भोरवरून महाडला वरंधा. म्हणून निघण्याआधी दहा मिनिटं बॉनेट उघडून बघत जा.

गाडी सपाट जागेवर आणि इंजिन थंड हवं. ऑइलची पट्टी काढून पुसा, परत घालून बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कूलंट टाकीच्या बाहेरूनच दिसतं. इंजिन गरम असताना त्याचं झाकण उघडू नका, वाफेनं भाजतं.

सगळ्यात दुर्लक्षित ते ब्रेक ऑइल. डबी भरलेली दिसते, म्हणून आपण निर्धास्त! पण ते हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरला की ही मर्यादा १४० च्या आसपास येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला तर ते उकळतं, बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ जातं. म्हणून उतरताना खालचा गिअर ठेवा आणि साधारण दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला. ते काम मात्र मेकॅनिककडूनच. नळीत हवा राहिली तर ब्रेक नीट लागत नाही.

इंजिन ऑइल घरी बदलणाऱ्यांना एक विनंती. जुनं ऑइल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. आपली शिवगंगा जवळच आहे.

ज्यांना पट्टी बघायला शिकायचंय, त्यांनी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये या. येताना जुनं फडकं आणा.