परका चेहरा आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



अशा दिवशी आम्ही बहुतेक दुसऱ्यांनी आपल्यावर केलेल्या अन्यायाविषयी बोलतो. ते बोललंच पाहिजे. पण आज थोडं आपल्या घरातलं बोलू.

मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नव्हते, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. तिथे पगार जास्त. कांडी बदलली की धाग्याचं टोक धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. एका संपात उतरलेल्या कामगारालाही शेजारच्या कामगाराचं तोंड बाटलेलं वाटत होतं!

आता दुसरी थुंकी. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, सांताक्रूझच्या कलिना भागात मोटारसायकलवरचा एक इसम मणिपूरच्या तरुणीवर थुंकून गेला. ईशान्येकडच्या मुलांना 'कोरोना' म्हणून हिणवणं तेव्हा इतकं वाढलं होतं, की त्याआधी मार्चमध्येच केंद्राच्या गृहखात्याला सर्व राज्यांना पत्र पाठवावं लागलं. ती तरुणी बौद्ध होती का, अशी चौकशी कुणी करू नये. धर्म विचारून मग राग येणार असेल, तर तो राग काही कामाचा नाही.

तो इसम कोण होता ते सोडा. आपल्या चाळीत काय बोललं जातं? डोळे बारीक दिसले की 'चिनी'. आफ्रिकेचा विद्यार्थी लोकलमध्ये चढला की 'हबशी', आणि त्याच्या बाजूची सीट रिकामी. खोली भाड्याने द्यायची वेळ आली की "त्यांच्या जेवणाचा वास येतो." आपल्या सुक्या बोंबलाचा वास येतो म्हणून आपल्यालाही खोल्या नाकारल्या जातात, बरं का! आणि घरात सून आणायची म्हटली की पहिला प्रश्न रंगाचा.

१९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे विद्वान पुढारी डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. १९७२ ला आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून 'दलित पँथर' नाव घेतलं. नाव घ्यायला काळा चालतो, शेजारी बसायला चालत नाही?

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांना दीक्षा दिली ती पूज्य भदंत चंद्रमणी महास्थवीरांनी. ते मूळचे ब्रह्मदेशाचे. असा माणूस आज चीवराऐवजी साध्या कपड्यांत घाटकोपर स्टेशनला उतरला, तर आपली पोरं त्याला काय हाक मारतील?

बोरिवलीजवळ कान्हेरीला आपण सहली नेतो, पण तिथला एक लेख दाखवत नाही. इराणी धर्माची माणसं इ.स. १००९ मध्ये तिथे येऊन पहलवी लिपीत आपली नावं कोरून गेली. हजार वर्षं झाली, ती नावं बुद्धाच्या लेण्यात अजून आहेत.

तेव्हा येत्या वैशाख पौर्णिमेला आपल्या भागात भाड्याने राहणाऱ्या मणिपूर-नागालँडच्या मुलामुलींना खीरदानाला बोलवावं, अशी आमची सूचना आहे. त्यांना त्रिशरण म्हणायला लावायचं नाही. पंगतीत आपल्या शेजारी बसवायचं. त्यांनी त्यांच्याकडचं काही रांधून आणलं, तर नाक न मुरडता खायचं. कोण कुठल्या खोलीवर निरोप द्यायला जाणार, त्यांनी सभा संपल्यावर कार्यवाहांकडे नावं लिहून द्यावीत.

जयभीम! नमो बुद्धाय!