समाजाची मागणी म्हणजे कोणाची मागणी?

(अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या एकत्र बैठकीत केलेले भाषण)



चर्चने सरकारकडे काय मागावे आणि कसे मागावे, हा आजचा विषय. तो ठरला तेव्हा काही जणींनी विचारले, यात आपले काय काम? ते ख्रिस्ती समाजाचे समाज बघेल. पण आपल्या सल्ला केंद्रात ख्रिस्ती बाईही येते. ती तेच सांगते, मारतो, टाकून दिले, मुलांना बघत नाही. गोष्ट तीच, लागणारा कायदा मात्र वेगळा. आणि तो कायदा सुधारायला जो वेळ लागला, त्यात सरकार, चर्च आणि स्त्री संघटना या तिघांचेही वागणे तपासण्यासारखे आहे.

कायदा १८६९ सालचा, भारतीय घटस्फोट कायदा. त्याच्या कलम १० प्रमाणे नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला तेवढे चालत नसे. व्यभिचार, आणि त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा दोन वर्षे टाकून देणे, असे दोन्ही सिद्ध करावे लागे. नुसता मार पुरेसा नाही, नुसते टाकणेही नाही. म्हणजे रोज मार खाणाऱ्या बाईला वकिलाने सांगायचे की बाई, आधी त्याचे बाहेर कोणाशी आहे का ते शोधा! कलम ३४ त्याहून वरताण. बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाकडून नवऱ्याला नुकसानभरपाई मागता येई, शेतातला बैल कोणी नेला तर मागावी तशी. खटला चालू असताना मिळणारी पोटगी नवऱ्याच्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ शकत नव्हती. आणि एवढे करून अकोल्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी निकाल दिला, तरी तो पक्का नाहीच. उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी तो कायम करायचा. शेजारच्या हिंदू किंवा बौद्ध बाईला १९७६ च्या दुरुस्तीनंतर क्रौर्याच्या एकाच कारणावर जिल्ह्याच्या कोर्टात घटस्फोट मिळू शकत होता.

जेनी फुलर या अकोल्यात काम केलेल्या मिशनरी बाई. भारतीय स्त्रीवरच्या अन्यायांवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९०० साली निघाले, प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. मोलाचे काम होते ते. पण ख्रिस्ती बायकोला दुय्यम ठरवणारा हा कायदा तेव्हा एकतीस वर्षांचा झालेला होता आणि पुढे शंभर वर्षे टिकला.

सरकारला हे माहीत नव्हते असे नाही. कायदा आयोगाने १९६० आणि १९६१ साली अहवाल दिले. १९६२ मध्ये विधेयक आले, ते लोकसभेबरोबर बुडाले. १९८३ मध्ये आयोगाने पुन्हा नव्वदावा अहवाल दिला. सरकारचे ठरलेले उत्तर असे, की अल्पसंख्याकांचा व्यक्तिगत कायदा समाजाकडून मागणी आल्याशिवाय आम्ही बदलणार नाही. ऐकायला हे बरोबर वाटते. पण समाज म्हणजे कोण? निवेदन घेऊन मंत्र्याला भेटायला जातात ते बिशप, पाळक, ट्रस्टी. मार खाणारी बाई त्या शिष्टमंडळात नसते.

हे चक्र फिरवले ते ख्रिस्ती बायकांनी. ज्योत्स्ना चटर्जी यांच्या जॉइंट विमेन्स प्रोग्रामने वर्षानुवर्षे बैठका घेतल्या, मसुदे केले आणि चर्चच्या पुढाऱ्यांना त्या मसुद्यांवर बसायला लावले. प्रोटेस्टंट चर्चेसची राष्ट्रीय परिषद आपल्या नागपुरातच आहे. ती यात आली. कॅथलिक चर्चला तर घटस्फोटच मान्य नाही. तरीही सरकारी कायद्यातला स्त्री-पुरुष भेद जावा, इथपर्यंत त्यांचे नेतृत्व आले. ही साधी गोष्ट नव्हे. आपला धर्मनियम आपल्यापाशी ठेवून नागरिक म्हणून न्याय मागता येतो, हे त्यांनी करून दाखवले.

तिकडे कोर्टातही बायका लढत होत्याच. १९९५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणि १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने कलम १० मधला भेदभाव घटनाबाह्य ठरवला. नागपूर खंडपीठ मुंबईचेच, म्हणून वऱ्हाडातल्या बाईला हा दिलासा संसदेच्या चार वर्षे आधी मिळाला. शेवटी २००१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. दोघांना सारखी कारणे, क्रौर्य स्वतंत्र कारण, परस्परसंमतीने घटस्फोट, पोटगीची मर्यादा रद्द, कलम ३४ रद्द, उच्च न्यायालयाच्या शिक्क्याची अटही गेली. विवाहाचा १८७२ चा कायदा मात्र आहे तसाच राहिला.

चर्च नेहमी बाईच्याच बाजूने उभे राहते असेही समजू नका. मेरी रॉय यांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून केरळच्या ख्रिस्ती मुलींना वडिलांच्या मालमत्तेत सारखा वाटा मिळवून दिला, तेव्हा तिथल्या चर्चमधूनच विरोध झाला. जमिनीचा प्रश्न आला की भाषा बदलते. हे आपल्या सगळ्याच समाजांना माहीत आहे.

केंद्रात बसणाऱ्यांसाठी एक सूचना. कॅथलिक बाई चर्चच्या न्यायमंडळाने विवाह रद्द केल्याचा कागद घेऊन येते आणि समजते की आपण मोकळ्या झालो. तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये सांगितले आहे की त्या कागदाला सरकारी कायद्यात बळ नाही. कोर्टाचा हुकूम घेतल्याशिवाय दुसरे लग्न केले तर तो गुन्हा ठरतो. हे लग्न ठरण्याआधी सांगा. पाळकांना आणि फादरनाही सांगायला लावा. त्यांचे बोलणे घरात ऐकले जाते.

आता राहिलेले काम. १९२५ च्या वारसा कायद्याचे कलम ४२ अजून तसेच आहे. ख्रिस्ती मुलगा मृत्युपत्र न करता वारला, त्याला मूलबाळ नसले आणि त्याचा बाप जिवंत असला, तर विधवेचा वाटा वगळून उरलेले सगळे बापाला. आईला काही नाही. बाप नसला तर आई येते, तीही भावाबहिणींच्या रांगेत. कायदा आयोगाने २०१४ च्या २४७ व्या अहवालात हे बदलायला सांगितले आहे. समाजाकडून मागणी हवी असेल तर ती इथून, अमरावती-अकोल्यातून जाऊ द्या. मसुदा मंडळीतल्या बायकांनी करायचा, बिगरख्रिस्ती मैत्रिणींनी सोबत बसायचे, आणि पाळकांची सही घ्यायची ती शेवटी. कलमाचा मराठी मजकूर मी आणला आहे. चहानंतर तो मोठ्याने वाचू आणि पहिला परिच्छेद आजच लिहून काढू.