बॅले : नाच जुना, शिकवण नवी हवी



मी सातवी शिकलेली गृहिणी. भाषणाची मला सवय नाही. पण आपल्या आळीतल्या काही मुली हल्ली बॅलेच्या वर्गाला जातात, आणि त्यांच्या आयांना काळजी वाटते. म्हणून वाचनालयातून पुस्तके आणून जे समजले, ते चार शब्दांत सांगते.

हा नाच मूळचा दरबारी. इटलीतून तो फ्रान्समध्ये आला. तिथला चौदावा लुई राजा स्वतः नाचत असे. त्याने १६६१ साली पॅरिसला नृत्याची अकादमी काढली. पाय ठेवण्याच्या पाच रीती त्याच काळात ठरल्या. त्या आजही पहिल्या धड्यात असतात. गंमत म्हणजे तिथल्या रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत, आपल्या जुन्या नाटकांसारख्या! १६८१ साली स्त्रिया प्रथम तिथे नाचल्या. पायांच्या बोटांच्या टोकांवर नाचणे मारी ताल्योनीने १८३२ साली गाजवले. हंसांची कथा सांगणारे 'स्वान लेक' १८७७ साली मॉस्कोत आले, तेव्हा कोणी फारसे वाखाणले नाही. १८९५ साली नव्याने बसवले आणि मग ते जगभर गेले. म्हणजे ज्याला आपण पूर्वापार म्हणतो, तेही माणसांनी वेळोवेळी बदललेलेच असते.

आपल्या गाण्यात घराणी, तशी त्यांच्यातही आहेत. डेन्मार्कच्या बूर्नोनव्हिलच्या रीतीत चपळ, हलक्या उड्या. इटलीच्या चेकेत्तीने वारांप्रमाणे पाठ लावून दिले. रशियाच्या वागानोवाबाईंनी पाठ, मान, हात सारे एका लयीत आणले. अमेरिकेत बालांचिनने वेग आणला, पण त्याबरोबर काटकुळ्या नर्तकींचे वेडही वाढले.

दुखणे इथेच आहे. शिस्तीच्या नावाखाली मुलींना उपाशी ठेवणे, टाकून बोलणे पुष्कळ ठिकाणी चालत आले. २०१९ साली व्हिएन्नाच्या नामांकित बॅले शाळेतले असे प्रकार बाहेर आले आणि चौकशी झाली. चांगलेही घडते आहे. २०१५ साली मिस्टी कोपलँड ही कृष्णवर्णीय नर्तकी अमेरिकन बॅले थिएटरमध्ये प्रमुख नर्तकी झाली. त्या जागी पोहोचलेली तिच्या वर्णाची ती पहिलीच स्त्री. कृष्णवर्णीय मुली गुलाबी बुटांना आपल्या कातडीचा रंग फासून नाचत; २०१८ साली इंग्लंडात तपकिरी बूटही निघाले.

तेव्हा आयांनो, मुलीला वर्गातून काढू नका, पण डोळे उघडे ठेवा. बोटांवर उभे राहणे साधारण अकरा-बारा वर्षांच्या आत नको, आणि त्याआधी काही वर्षांचा पाया व घोट्यात बळ हवे. जमीन फरशीची आहे की लवचीक लाकडाची, ते पाहा. मुलगी 'दुखते' म्हणाली तर बाई थांबवतात का, तिच्या अंगलटीवरून टोमणे मारतात का, हे तिला जवळ घेऊन विचारा. मेहनत हवीच, पण ज्या विद्येने पोर जेवायला भिते, ती विद्या नीट शिकवली जात नाही, असे मला वाटते.