तळ्यातली पिवळी फुले



पगारवाढ आणि बोनस यांवर घसा कोरडा करणाऱ्या माणसाने आज फुलांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे वनस्पतिशास्त्र रद्दीच्या दुकानातले. चुकलो तर समोर बसलेल्या प्राध्यापकांनी खुशाल कान धरावा.

पावसाळा सरता सरता कोकणातल्या एखाद्या तळ्यात किंवा पाणथळ खाचरात पाण्याच्या वर बोटभर देठ आणि त्यावर चारसहा पिवळी फुले दिसतात. शास्त्रीय नाव युट्रिक्युलेरिया ऑरिया. या वनस्पतीला मूळच नाही! ती पाण्यात नुसती तरंगते. केसांसारख्या बारीक पानांना मोहरीएवढ्या पिशव्या लागलेल्या असतात, आणि खरी गंमत या पिशव्यांत आहे. पिशवी आतले पाणी बाहेर टाकते, भिंती आत ओढून घेते आणि दार घट्ट लावून बसते. दाराशी केस असतात. पाणपिसू किंवा डासाची कोवळी अळी त्यांना लागली की दार आत उघडते, पिशवी फुगते आणि पाण्याबरोबर भक्ष्य आत जाते. सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत कारभार आटोपतो.

ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्याच साली डार्विनचा कीटकभक्षक वनस्पतींवरचा ग्रंथ निघाला. किडे आपणच दार ढकलून आत शिरतात, असे त्याला वाटले. ओढीचा उलगडा पुढे विसाव्या शतकात झाला. डार्विनही चुकतो, हे वाचून आम्हांला फार धीर आला.

हे ऐकून आमचा एक सोबती म्हणाला, “म्हणजे ही भांडवलदारच की!” आम्ही म्हटले, नाही रे बाबा, ही गरीब पाण्यातली. त्या पाण्यात नत्र आणि स्फुरद कमी, म्हणून हिला शिकार करावी लागते. उलट सांडपाणी शिरून तेच पाणी सकस झाले की शेवाळ आणि जलपर्णी माजते, आणि ही उन्हाला मुकते.

आम्ही ही प्रथम पाहिली ती आमच्या वस्तीमागच्या तळ्यात. पुढे त्या तळ्यात भराव पडू लागला. तो टाकणारे ट्रकवाले आमच्याच युनियनचे. खेपेमागची त्यांची मजुरी आम्हीच भांडून वाढवून घेतली होती. त्यांना ‘थांबा’ म्हणायला आमची जीभ रेटली नाही. हे आज कबूल करतो.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा तेथे गेलो. भरावाच्या कडेला एक डबके उरले आहे. त्यात चार देठ होते.